बॉसचे हिट पॉइंट शेवटी ठरवा, आधी राउंड ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिकांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीची मोहीम चालू आहे. पाचव्या लेव्हलची चार पात्रं, फायटर (योद्धा), रेंजर (इथे तिरंदाज), क्लेरिक (उपचार करणारा पुजारी) आणि विझार्ड (जादूगार). पहिल्या टप्प्याच्या शेवटी १२० हिट पॉइंटचा (म्हणजे तेवढा मार सोसू शकणारा) बॉस, म्हणजे मुख्य शत्रू, उभा केला, तो दुसऱ्या राउंडमध्येच (राउंड म्हणजे प्रत्येकाला एकेक पाळी) आडवा झाला. पुढच्या बॉसला ३०० हिट पॉइंट दिले, तर लढत इतकी रेंगाळली की शेवटी खेळाडू फक्त फासे टाकत बसले होते. मग समतोल साधायचा कसा?

दोन्ही वेळा एकच गोष्ट झाली आहे. हिट पॉइंटचा आकडा आधी ठरला आणि बाकीची लढत त्या आकड्याच्या भरवशावर सोडली गेली. मी उलट्या बाजूने येतो. लढत किती राउंड चालावी आणि त्या राउंडमध्ये काय काय बदलत जावं हे आधी ठरवायचं, मग तिथून मागे मोजत हिट पॉइंट, डॅमेज (वारातून बसणारा मार) आणि बॉसचे साथीदार काढायचे. बॉसची लढत मी चार ते पाच राउंडांची धरतो. तीनपेक्षा कमी राउंडांत बॉसला स्वतःची ओळखच करून देता येत नाही, आणि सहाच्या पुढे खेळाडूंकडे नवीन काही करायला उरत नाही.

आता तुमच्या चौघांचा हिशेब मांडू. २०१४ च्या नियमांनुसार, बॉसचा आर्मर क्लास (वार लागायला फाशाने गाठायचा आकडा) १६ धरून. फायटरचे दोन वार, प्रत्येकी २डी६+४ (सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४) म्हणजे सरासरी ११. वीस बाजूंच्या फाशात ७ मिळवून, म्हणजे +७ ने, ६० टक्के लागतात, क्रिटिकल (फाशावर २० आलं की डॅमेजचे फासे दुप्पट) धरून एका टर्नला, म्हणजे पाळीला, साधारण १४. रेंजर हंटर्स मार्क हा डॅमेज वाढवणारा मंत्र लावून दोन बाण मारतो, आर्चरी स्टाइल या तिरंदाजीच्या कौशल्यामुळे त्याचे ७० टक्के लागतात, म्हणजे १७ च्या आसपास. क्लेरिकचा स्पिरिट गार्डियन्स हा मंत्र सरासरी १० देतो. विझार्डचा फायरबॉल हा आगीचा मंत्र ८डी६ म्हणजे २८. निम्म्या वेळा सेव्ह (मंत्राचा परिणाम टाळायला टाकलेला फासा) यशस्वी होऊन मार निम्मा होईल असं धरलं तर २१. बेरीज ६२. पहिल्या राउंडला फायटरने अ‍ॅक्शन सर्ज (जादा चालीची सोय) वापरला की आणखी १४, म्हणजे ७६. विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) आहेत, तेव्हा दुसऱ्या राउंडलाही ६२ मिळतात. दोन राउंडांत १३८. तुमचा १२० चा बॉस दुसऱ्या राउंडमध्ये मेला यात नशिबाचा भाग फारसा नव्हता, तो हिशेबानेच मेला.

३०० वाल्याचंही असंच आहे. मोठे स्लॉट संपले की विझार्ड फायर बोल्ट या बिनस्लॉटच्या छोट्या मंत्रावर येतो, सरासरी ७. चौघांची बेरीज ४८ वर उतरते. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी सहावा राउंड लागणार, आणि पळापळ, उपचार, पडलेल्या मित्राला उठवणं हे धरलं तर सात-आठ. त्यातले शेवटचे चार-पाच राउंड प्रत्येकाकडे एकच हत्यार उरलेलं असतं. कंटाळा तिथून येतो.

पाच राउंडांची गोळाबेरीज करा: ७६, ६२, मग तीनदा ४८. एकूण २८२. हे सगळं बॉसपर्यंत पोचत नाही. काही साथीदारांवर खर्च होतं, एखादी टर्न उपचारात जाते, कुणीतरी पडलेलं असतं. मी ६० टक्के पोचतं असं धरतो. २८२ चे ६० टक्के म्हणजे १७० च्या आसपास. हा तुमच्या बॉसचा आकडा. १२० आणि ३०० यांच्या मध्येच तो आहे, पण अंदाजाने मधला आकडा घेणं आणि तिथवर मोजत येणं यात फरक पडतो: मोजत आलात की पार्टीत (पात्रांच्या गटात) पाचवा खेळाडू आला, कुणी लेव्हल चढला, कुणाला जादूची तलवार मिळाली, तर आकडा कुठे आणि किती हलवायचा हे कळतं.

आता दुसरी बाजू, बॉसने किती मारावं. सरासरीने हिट पॉइंट घेतले आणि प्रत्येकाचं कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणा) +२ धरलं, तर फायटर आणि रेंजरचे ४४-४४, क्लेरिकचे ३८, विझार्डचे ३२. एकूण १५८. पाच राउंडांत शत्रूंनी मिळून १५० च्या आसपास डॅमेज द्यावं, म्हणजे दर राउंडला ३०. क्लेरिकचे उपचार धरले तर शेवटी एक-दोघं जमिनीवर, बाकीचे डगमगत उभे, अशी अवस्था येते. जिंकल्याचा आनंद खरा वाटतो तो अशाच शेवटाला. एक पथ्य मात्र काटेकोर पाळा: एका टर्नमध्ये बॉसचं सरासरी डॅमेज पार्टीतल्या सगळ्यात नाजूक पात्राच्या पूर्ण हिट पॉइंटांच्या खाली ठेवा. इथे विझार्डचे ३२ आहेत, तेव्हा बॉसने टर्नला दोन वार केले आणि दोन्ही लागले तरी डॅमेज २८ च्या वर जाऊ नये. पहिल्याच टर्नला काही न करता पडलेला खेळाडू पुढचा अर्धा तास दुसऱ्यांचा खेळ बघत बसतो. हे टाळणं जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या हातात आहे.

खालच्या लेव्हलला तर फारच जपा. पहिल्या लेव्हलच्या आठ हिट पॉइंटच्या विझार्डला ओगर या धिप्पाड राक्षसाचा एक साधा फटका सरासरी १३ चा बसतो, आणि क्रिटिकल लागला तर सरासरी २२. शून्यावर आल्यानंतर उरलेलं डॅमेज पूर्ण हिट पॉइंटांइतकं असेल तर पात्र जागीच मरतं, डेथ सेव्हसुद्धा (शून्यावर पडल्यावर जगायला टाकायचा फासा) मिळत नाही. इथे त्यासाठी १६ पुरतात.

पुस्तकातला एक्सपीचा (अनुभवाच्या गुणांचा) लढतीची काठिण्यपातळी ठरवणारा तक्ता यात कुठे बसतो, असं तुम्ही विचाराल. २०१४ च्या तक्त्याप्रमाणे पाचव्या लेव्हलला 'डेडली', म्हणजे जीवघेण्या लढतीचा उंबरठा दरडोई ११००, चौघांचा ४४००. चॅलेंज रेटिंग (शत्रूच्या ताकदीचा दर्जा) ९ चा एकटा राक्षस ५००० एक्सपीचा, म्हणजे कागदावर डेडली. पण तो तक्ता बसवला आहे तो एका दिवसात सहा ते आठ मध्यम-कठीण लढती होतील या गृहीतकावर. रात्रभर झोप काढून ताजीतवानी आलेली पार्टी आणि सगळे स्लॉट एकाच शत्रूसाठी राखून ठेवलेली पार्टी त्या गृहीतकात बसत नाही. बॉसच्या आधी स्लॉट खर्चायला लावणाऱ्या दोन-तीन चकमकी ठेवल्या तर तक्ता बराच खरा ठरतो. त्या ठेवायच्या नसतील तर तक्ता फक्त सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या आणि वरचा हिशेब करा.

आता खरा अवघड भाग. एकटा बॉस हरतो तो टर्न कमी मिळतात म्हणून. पाच राउंडांत पार्टीला वीस टर्न, बॉसला पाच. इनिशिएटिव्हला, म्हणजे पाळ्यांच्या क्रमात, तो शेवटी आला, तर पहिली हालचाल करायच्या आत चार जणांनी त्याला धुतलेलं असतं. लेजेंडरी अ‍ॅक्शन्स आणल्या गेल्या त्या याच दुखण्यासाठी. अ‍ॅडल्ट रेड ड्रॅगनला तीन मिळतात, दुसऱ्याच्या टर्नच्या शेवटी वापरायच्या, त्यामुळे तो दर राउंडला एकदा न हलता चारदा हलतो. पाचव्या लेव्हलच्या बॉसला तीन द्यायची गरज नाही. दोन पुरेत, आणि त्यातली एक तरी हालचालीची असू द्या. सगळ्या जास्तीच्या अ‍ॅक्शन्स मारण्याच्याच ठेवल्या तर डॅमेजचा हिशेब कोलमडतो. शिवाय एका जागी उभा राहून मारत राहणारा बॉस भयंकर वाटत नाही. तो तुमच्याकडे येतो तेव्हा वाटतो.

साथीदार हवेतच, पण मोजके आणि ठिसूळ. एका फटक्यात मरतील इतकेच हिट पॉइंट द्या. त्यांचं काम पार्टीच्या टर्न खाणं हे आहे. विझार्डने चार साथीदार एका फायरबॉलमध्ये जाळले तर हळहळू नका, तो फायरबॉल बॉसवर पडला नाही. फक्त चौघांना एकाच कोपऱ्यात उभं करू नका. फायरबॉलची त्रिज्या २० फूट, म्हणजे व्यास ४० फूट असतो, तेव्हा त्यांना ४० फुटांहून लांब पसरवा म्हणजे विझार्डला निवड करावी लागेल.

हे सगळं एका उदाहरणात बसवून दाखवतो. बॉसचं नाव खाणीचा रखवालदार. एक प्रचंड दगडी देह, हातात हातोडा, दुसऱ्या मनगटाला साखळी. जागा म्हणजे जमिनीखालचं गोल दालन, मध्ये खोल विहिरीसारखी शाफ्ट, तिच्यावर साखळीची लिफ्ट, आणि छताला तोलून धरणारे चार लाकडी खांब. हिट पॉइंट १७०, आर्मर क्लास १६. टर्नला हातोड्याचे दोन वार, प्रत्येकी सरासरी १४. दुसऱ्यांच्या टर्ननंतर दोन जास्तीच्या अ‍ॅक्शन्स: एकात साखळीचा फटका, सरासरी ९, दुसऱ्यात आपल्या वेगाच्या निम्मं अंतर चालणं. सोबत चार मेलेले खाणकामगार, प्रत्येकी १० हिट पॉइंट, कुदळीचा वार सरासरी ५. पात्रांचा आर्मर क्लास सरासरी १६ धरला आणि त्याचे वार +७ ने, कामगारांचे +४ ने घेतले, तर राउंडला १७ हातोड्याचे, ५ साखळीचे, ९ कुदळींचे. ३१. हवा होता तेवढाच.

पहिला टप्पा ११५ हिट पॉइंटपर्यंत. या टप्प्यात तो शाफ्ट सोडत नाही, कामगार पार्टीला अडवतात. खेळाडूंना त्याचा मार किती बसतो, साखळी किती लांब पोचते, हे कळायला हा टप्पा आहे.

११५ च्या खाली आला की तो हातोडा खांबाला टेकवतो. त्या टर्नला तो खांब तोडत नाही. वरून माती गळू लागते, लाकूड करकरतं, आणि तुम्ही स्पष्ट शब्दांत सांगायचं की त्याच्या पुढच्या टर्नला हा खांब जाणार आणि त्याखालचा २० फुटांचा भाग कोसळणार. पुढच्या टर्नला तो एका वाराऐवजी खांब तोडतो: ४डी६, डीसी १४ चा डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने १४ गाठायचे), यशस्वी झाला तर निम्मं. एक पूर्ण राउंड खेळाडूंच्या हातात असतो. कुणी बाजूला होतो, कुणी बेशुद्ध मित्राला ओढतो, एखादा म्हणतो की मी लिफ्टची साखळी तोडतो, ती त्याच्या अंगावर पडू दे. हो म्हणा. मोठा हल्ला आधी सांगितल्याने त्याची धार बोथट होते असं अनेकांना वाटतं. माझं मत अगदी उलट आहे. न सांगता आलेले १४ पॉइंट म्हणजे वहीतली वजाबाकी. आधी दिसलेले १४ पॉइंट टेबलावरच्या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावतात.

५५ च्या खाली तो लढणंच सोडतो. हातोडा टाकतो, ज्याच्यासाठी पार्टी इथवर आली ती पेटी उचलतो आणि लिफ्टकडे निघतो. आता प्रश्न त्याला मारण्याचा उरत नाही, थांबवण्याचा होतो. चौथ्या-पाचव्या राउंडला स्लॉट संपलेल्या विझार्डकडेही अचानक काम येतं: दोर कापणं, लिफ्टचा आडणा टाकणं, पेटीवर झडप घालणं. रेंगाळणाऱ्या लढतीवर याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. शेवटचा तृतीयांश भाग वेगळ्या उद्दिष्टाचा असला की उरलेले हिट पॉइंट कुणी मोजत बसत नाही.

टप्पे करताना एक अन्याय टाळा. एका फटक्यात ३० डॅमेज झालं आणि टप्पा बदलायला १० च बाकी होते, तर उरलेले २० पुढच्या टप्प्यात मोजा. टप्पा बदलला म्हणून ते वाया घालवू नका, आणि बॉसला नव्याने भरलेले हिट पॉइंटही देऊ नका. खेळाडूने क्रिटिकल मारला असेल तर त्याचा प्रत्येक पॉइंट त्याचा आहे.

मग येतात एका सेव्हवर लढत संपवणारी मंत्रं. बॉस माणूस असेल तर त्याला पॅरालाइज करणारा, म्हणजे जागीच खिळवणारा होल्ड पर्सन, इथल्यासारखा दगडी असेल तर मंदावणारा स्लो. पॅरालाइज झालेल्या बॉसवर पाच फुटांतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल धरला जातो, तेव्हा एका फसलेल्या सेव्हवर तुमची सगळी मांडणी संपू शकते. नियमांतलं उत्तर लेजेंडरी रेझिस्टन्स, म्हणजे फसलेला सेव्ह यशस्वी धरायची मुभा, सहसा दिवसातून तीनदा. बॉसला ते वाचवतं, पण विझार्डच्या खेळाडूला त्याचा स्लॉट हवेत विरल्यासारखा वाटतो. मी त्याला किंमत जोडतो. रखवालदाराच्या दंडावर दोन लोखंडी कडी आहेत. सेव्ह फसला की तो एक कडं तोडून मंत्र झटकून टाकतो, पण त्याबरोबर त्याच्या दोन जास्तीच्या अ‍ॅक्शन्सपैकी एक कायमची जाते. कडं तुटताना सगळ्यांना दिसतं. मंत्र लागला नाही तरी लढत विझार्डमुळे वळली, आणि तिसऱ्यांदा मात्र मंत्र खरंच लागणार हेही टेबलाला कळलं.

दुसऱ्या प्रणाल्यांत, म्हणजे अशाच प्रकारच्या दुसऱ्या खेळांत, आकडे वेगळे वागतात, तेव्हा हा हिशेब तसाच उचलू नका. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत चौघांसाठी मध्यम लढत ८० एक्सपी, सिव्हियर (कठीण) १२०, एक्स्ट्रीम (टोकाची) १६०. पार्टीपेक्षा चार लेव्हल वरचा एकटा शत्रू १६० खातो. तिथे हव्या त्या आकड्यापेक्षा १० ने जास्त आलं की क्रिटिकल होतं, त्यामुळे वरच्या लेव्हलचा शत्रू वारंवार क्रिटिकल मारतो आणि पार्टीचे वार हुकत राहतात. तिथला एकटा बॉस पुरेसा भयंकर असतोच. उलट खेळाडू हताश होऊ नयेत म्हणून मी दोन लेव्हल वरचा बॉस आणि सोबत साथीदार ही जोडी घेतो. थर्टीन्थ एजमध्ये एस्कलेशन डाय आहे, दुसऱ्या राउंडपासून पार्टीच्या हल्ल्यांना +१, मग दर राउंडला एकेक वाढत +६ पर्यंत. लढत लांबू नये याची सोय नियमातच आहे, आणि ही कल्पना दुसऱ्या प्रणालीत बॉसपुरती उसनी घ्यायला हरकत नाही.

खेळ चालू असताना आकडे बदलावेत का, यावर लोक हिरीरीने भांडतात. मी पडलेला फासा बदलत नाही. खेळाडूंचा विश्वास त्या फाशावर असतो, तो एकदा उडाला की पुढच्या कुठल्याही विजयाला अर्थ राहत नाही. पण लढतीआधीच दोन-तीन खिट्ट्या ठरवून कागदावर लिहून ठेवतो. कामगारांची दुसरी तुकडी येईल की नाही, आली तर कोणत्या राउंडला. बॉस पडलेल्या पात्रावर वार करेल की उभ्या असलेल्याकडे वळेल. पळायला तो ५५ ला निघेल की ७० ला. हे निर्णय बॉसच्या स्वभावात बसणारे आहेत, तेव्हा त्यात फसवणूक नाही. पडलेल्या पात्राचा मुद्दा तर नक्की आधी ठरवा, कारण जवळून लागलेला एक वार दोन डेथ सेव्ह फसल्याइतका असतो आणि तीन फसले की संपलं. ऐन गरमीत तो निर्णय घेतला तर कुणाला तरी तो वैयक्तिक वाटतो.

हरल्यावर काय, हेही कागदावर असू द्या. रखवालदार जिंकला तर तो कुणाला मारत बसणार नाही, पेटी घेऊन खाली जाईल आणि दालन कोसळेल. पार्टी ढिगाऱ्याखाली शुद्धीवर येईल. हे ठरलेलं असलं की लढत मनापासून कठीण करता येते, हात आखडता घ्यावा लागत नाही.

सेशनच्या आधी एकट्याने दोन राउंड कागदावर खेळून बघा. सगळी पात्रं त्यांच्या सगळ्यात जोरदार चालींसह चालवा. दुसऱ्या राउंडच्या शेवटी बॉस ५५ च्या जवळ आला असेल तर कामगारांना आणखी पसरवा किंवा पहिल्या टप्प्यात त्याला आडोसा द्या. लगेच हिट पॉइंट वाढवू नका. दोन जण पडले असतील तर साखळीचा फटका ९ वरून ६ वर आणा.

आणि ऐनवेळी एखादा खेळाडू आला नाही तर एक कामगार काढा, हिट पॉइंट १७० वरून १३० वर आणा, टप्प्यांचे उंबरठे ९० आणि ४० करा, आणि जास्तीची एकच अ‍ॅक्शन ठेवा, तीही साखळीची. चालण्याची अ‍ॅक्शन गेली की तो थोडा जागेला खिळतो, आणि तिघांना पांगून श्वास घ्यायला जागा मिळते. कडी मात्र दोनच राहू द्या. अशा वेळी पहिलं कडं तुटताना साखळीची अ‍ॅक्शन जाते आणि दुसऱ्या कड्याबरोबर त्याच्या हातोड्याचा एक वार.